सोसायटीत ओळखीचे कोणी असल्यास

२ बीएचके, चऱ्होली. लिफ्ट, चोवीस तास पाणी, आळंदी रस्त्यापासून पाच मिनिटं. फक्त फॅमिली. आधी पूर्ण नाव पाठवावे, मगच फोन करावा.

*

भोक तपासायच्या गेजला दोन टोकं असतात. एक टोक आत गेलंच पाहिजे. दुसरं जाताच कामा नये. दोन्ही गेली तर माल बाद, दोन्ही अडकली तरी बाद.

*

मी, आयुष भिवाजी शिरसाट, राहणार पिंपरी, यापुढे आयुष भिवाजी शेलगावकर या नावाने ओळखला जाईन, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

*

दगडफूल शेवटी भाजायचं. आधी टाकलं की करपतं आणि अख्खा मसाला कडू होतो.

*

चौदा एप्रिल, सकाळी दहा वाजताचं स्टेटस: काचेच्या ग्लासात पन्हं, वाटीत आंब्याची डाळ, मागे पितळी पाळण्यात चैत्रगौर. खाली पिवळं हृदय.

*

आपल्या जय भीमला उत्तर आलं नाही, तर ज्ञानदेव ओव्हाळ सायकल वळवून परत यायचे आणि पुन्हा म्हणायचे. पाळीला उशीर झाला तरी.


अर्जदाराचे पूर्ण नाव

अंजली सनी रणपिसे. माहेरची ओव्हाळ. दोन्ही आडनावं अशी, की ऐकणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागू नये.

चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत ती माल तपासायच्या खात्यात होती. दिवसभर लोखंडाच्या भोकांत गेज घालून बघायचं, बसलं की हिरवं स्टिकर, नाही बसलं की लाल. आणि संध्याकाळी घरं बघत फिरायचं, तिथे लाल स्टिकर स्वतःला लावून घ्यायचं. दोन महिन्यांत पाच घरं झाली. पहिल्या मालकाचा मुलगा परदेशातून परत येत होता. दुसऱ्याचाही येत होता. तिसऱ्याने आडनाव ऐकून सरळ फोन ठेवला. त्याचं तिला बरंच वाटलं, वेळ तरी वाचला. चौथ्याने चहा पाजला. पाचव्याने विचारलं, "तुमच्यात ते निळे झेंडे वगैरे लावतात का गॅलरीत?"

काळेवाडीची खोली मे-अखेरीस सोडायची होती. मालकाला इमारत पाडून नवी उठवायची होती. घरात माणसं तीन: अंजली, कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणारा तिचा नवरा सनी, आणि तिची आई कस्तुरा. कस्तुराचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिसऱ्या मजल्यावर चढवून ठेवली, की ती खाली येणार ती दवाखान्यासाठीच. म्हणून लिफ्टचं घर पाहिजे होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

चऱ्होलीचे बबनराव जुन्या गावकीतले. स्वतःची जमीन बिल्डरला देऊन झाली होती, आता तिच्यावर उभी राहिलेली घरं ते भाड्याने लावून देत.

"ताई, माझं काय बी म्हणणं न्हाई," ते म्हणाले. "मला समदी सारखीच. इंद्रधारा सोसायटीत सी-सहाशेचार मोकळा हाय. मालक बेंगलोरला, त्याला भाड्याशी मतलब. पण तिथली कमिटी आधी माणसं बघती. पोरगी बघाय जावं तशी. कोण वळखीचं आसंल तिथं तर लावा वशिला."

"नाही कोणी," अंजली म्हणाली.

होतं.


सोसायटीत ओळखीचे कोणी असल्यास

श्रद्धा शेलगावकर, ए-तीनशेदोन. सख्खी चुलत बहीण.

काळेवाडीत दोघा भावांच्या दोन खोल्या, मध्ये एक भिंत. ज्ञानदेवची अंजली, धाकट्याची श्रद्धा. श्रद्धाची आई ती पाच वर्षांची असताना वारली, आणि त्या दिवसापासून मधली भिंत नुसती नावाला राहिली. कस्तुरानेच दोघींना वाढवलं. शाळेत जाताना वेण्या घालायला दोघी एकीमागे एक बसायच्या, आणि आधी वेणी श्रद्धाची व्हायची. "तिला आई नाही ना गं," कस्तुरा म्हणायची. अंजली मागे फणी धरून बसायची आणि मनात म्हणायची, मला तरी कुठे अख्खी आहे.

हेवा हा असा लहानपणीच मुक्कामाला आला आणि जायचं नाव घेईना. श्रद्धाला कपडा शोभायचा. श्रद्धाला गणित यायचं. श्रद्धा रडली की गल्ली गोळा व्हायची, अंजली रडली की कस्तुरा म्हणायची, "तू तरी समजून घे." लग्नं झाली. सनी मिळाला तो लाखात एक, याबद्दल अंजलीच्या मनात कधी दुमत नव्हतं. पण श्रद्धाला आयुष मिळाला, आणि आयुषजवळ एक कागद होता. ऑफिसात सहा वर्षं बढती अडली, तेव्हा त्याने नाव बदलून घेतलं. राजपत्रात चार ओळी छापून आल्या. शिरसाटचा शेलगावकर झाला, आणि सातव्या वर्षी बढती. तेवढ्यावर थांबला असता तर अंजलीने त्यालाही समजून घेतलं असतं. पण मग चऱ्होलीचा फ्लॅट आला, मग सोसायटीतल्या मैत्रिणी, मग मंगळसूत्राची नवी घडण, मग चैत्रगौर.

गाडीबद्दल, फ्लॅटबद्दल अंजलीचं फारसं काही नव्हतं. कर्जावर कुणालाही मिळतात. तिच्या डोळ्यांत खुपायचे ते श्रद्धाचे खांदे. चारचौघांत नाव सांगायची वेळ आली, की अंजलीचे खांदे आपोआप कानांकडे सरकायचे. वर्गात, कॅन्टीनमध्ये, दवाखान्यात, कुठेही. तिला ते कळायचंही, आणि खाली ओढले तरी यायचे नाहीत. श्रद्धाचे आता खाली आले होते. फोटोत बघा, स्टेटसला बघा: निवांत, उतरलेले, दुसऱ्याच कुणाच्या तरी जन्मातले खांदे. रात्री दिवा मालवल्यावर अंजली तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायची. सनी म्हणायचा, "झोप की आता. बाई काय खाऊन टाकतेस तिला?"

त्यातून तो मसाला. कस्तुरा उन्हाळ्यात काळा मसाला करायची, गल्लीला वर्षभर पुरेल एवढा. श्रद्धा महिन्यातून एकदा यायची, गाडी तीन गल्ल्या पलीकडे बँकेच्या दारात लावायची, चालत यायची आणि मसाल्याचे डबे घेऊन जायची. तिकडे काचेच्या बरण्यांत भरायची, वर चिठ्ठी चिकटवायची: 'श्रद्धाचा घरगुती काळा मसाला'. इंद्रधारातल्या घराघरांत तो जायचा. पैसे चोख द्यायची, त्यात खोट नव्हती. अंजली चिडली की कस्तुरा उलट तिलाच समजवायची, "असू दे. पोरीचं नाव होतंय."

"हात तुझे आणि नाव तिचं?"

"माझ्या हातांचं नाव लावलं तर घेतील का गं ते?"

मग अंजली डब्यांची झाकणं उगाच जोरात दाबत बसायची.

शेवटी तिने श्रद्धाला फोन केला. घर हवं होतं. हेवा खुंटीला टांगून ठेवता येतो, आईचे गुडघे नाही.

"अंजे, ये ना! मला आनंदच आहे," श्रद्धा म्हणाली, आणि मग तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. "फक्त एक कर. तिथे आपली ओळख दाखवू नकोस. कमिटीवर मी पण आहे. मी बोलेन तुमच्याबद्दल चांगलं. पण नवीनच भेटल्यासारखं."

"मग मी तुला काय म्हणायचं?"

"मॅडम म्हण. नाहीतर ताई."

"मी चार महिन्यांनी मोठी आहे तुझ्यापेक्षा."

"हसू नकोस गं अंजे. घर पाहिजे ना तुला?"

अंजली हसत नव्हती.


मूळ गाव, आहार, इतर

मे महिन्यातला पहिला रविवार, सकाळचे अकरा. क्लब हाउसमध्ये टेबल टेनिसचं टेबल बाजूला सारून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सेक्रेटरी गुरुदत्त, कुठल्याशा कंपनीत डिझाइनला. त्यांची बायको नीलिमा, शाळेत शिक्षिका. आणि सांस्कृतिक समितीची श्रद्धा, आकाशी कुर्त्यात.

"बसा, बसा. इंटरव्ह्यू वगैरे काही नाही हं," गुरुदत्त हसून म्हणाले. "आपली नुसती ओळख. रणपिसे म्हणजे कुठले तुम्ही?"

"काळेवाडी," सनी म्हणाला.

"ते झालंच. पण मूळचे?"

"बार्शीकडचे."

"बार्शीत कुठे? आमच्या ऑफिसात एक आहेत बार्शीचे."

"गाव असं आता राहिलं नाही, सर. माझा जन्म इथलाच, वायसीएम हॉस्पिटलातला."

गुरुदत्त पुन्हा हसले. हसणं चांगलं होतं त्यांचं. चाळीस वर्षांत एकदाही नाव सांगताना न अडखळलेल्या माणसाचं हसणं. मग नीलिमा पुढे सरकली, आवाजात तोच गोडवा. "आमच्याकडे श्रावणात सोसायटीचा सत्यनारायण असतो. प्रत्येक वर्षी एक नवीन जोडपं बसवतो पूजेला. म्हणजे सगळ्यांची ओळख होते. तुमच्यात... करता ना?"

"आम्ही नाही करत," अंजली म्हणाली. खांदे निघाले होते वरच्या प्रवासाला.

"असू दे, असू दे, सक्ती नाहीये! विचारलं आपलं. आणि नॉनव्हेज?"

"रविवारी."

"तेही चालतं हो. आजकाल कोण बघतं. फक्त लिफ्टमध्ये वास राहतो ना, म्हणून."

एवढं बोलून नीलिमाला तहान लागली. तिने शेजारी बसलेल्या श्रद्धाच्या मांडीवरची बाटली न विचारता उचलली, झाकण फिरवलं आणि तोंड लावून घटाघटा प्यायली. पुसलीसुद्धा नाही. परत देताना श्रद्धाच्या गुडघ्यावर एक चापटी मारली. श्रद्धाने बाटली घेतली आणि तीही एक घोट प्यायली.

अंजली बघतच राहिली.

कंपनीत ती नऊ वर्षं होती. तिथे तिच्याशी कुणी वाईट वागत नसे. वाढदिवसाला केक आणत, तिच्या हाताने कापून घेत. पण नऊ वर्षांत तिच्या बाटलीला कुणी तोंड लावलं नव्हतं. वरून ओतून घेत, नाहीतर "असू दे, माझी आहे" म्हणत. भांडावं असं त्यात काही नव्हतं. कुणाला सांगावं असंही नव्हतं. आणि इथे ही, तिच्याच आईच्या हातची वेणी घालून मोठी झालेली, एका भिंतीपलीकडची, हिची बाटली अशी हातोहात फिरत होती, जशी काही कुणाचीही असावी. अंजलीच्या छातीत कुणीतरी तवा तापत ठेवल्यासारखं झालं. तिला पाण्याचा तो एक घोट हवा होता. घर राहिलं बाजूला.

"तुम्हाला गंमत सांगू?" नीलिमा नाक वर करून म्हणाली. "केव्हापासून मला श्रद्धाच्या मसाल्याचा वास येतोय इथे. श्रद्धा, आज कुटलास की काय? अहो, इथे आलात की घ्याच हिचा मसाला. आमच्या सासूबाई कुणाच्या हातचं खात नाहीत, पण आमटीला हिचाच लागतो त्यांना."

वास अंजलीच्या ओढणीला होता. सकाळी निघायच्या आधी तिनेच आईला खोबरं भाजून दिलं होतं.

श्रद्धा जमिनीकडे बघत होती. मग मान वर करून, समजूतदार, जराशा वरच्या पट्टीतल्या आवाजात म्हणाली, "मला वाटतं चांगलं कुटुंब आहे, सर. दोघंही नोकरी करतात, आई वयस्कर आहेत. मला काही हरकत दिसत नाही."

चांगलं कुटुंब. जशी काही भाजी निवडत होती.

"कळवतो आम्ही बबनरावांना," गुरुदत्त म्हणाले.


मी असे जाहीर करते की वरील माहिती खरी आहे

पार्किंगमध्ये सात-आठ बायका योगाच्या सतरंज्या गुंडाळत उभ्या होत्या. श्रद्धा पाहुण्यांना सोडायला गेटपर्यंत निघाली, तर नीलिमाही तिच्या दंडात हात घालून आली. सनी गाडी काढायला पुढे गेला. सगळं अजून हातात होतं. तोंड मिटून मोटरसायकलवर बसायचं, घरी जायचं आणि बबनरावांच्या फोनची वाट बघायची, एवढंच काम होतं.

"ताई, जपून जा हं," श्रद्धा म्हणाली. "ऊन फार आहे."

ताई. आणि वर ते खांदे.

ज्ञानदेव ओव्हाळांनी दोघींना दुसरं काही शिकवलं असेल-नसेल, एक गोष्ट मात्र हाडात उतरवली होती: जय भीम कानावर पडला की उत्तर गेलंच पाहिजे. तोंडात घास असो, अंगात ताप असो. दाराशी आलेल्या तहानेल्याला पाणी नाकारणं आणि जय भीमला उत्तर न देणं, त्यांच्या लेखी सारखंच. श्रद्धाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ती गुंगीत होती, कुणालाच ओळखत नव्हती. ज्ञानदेवांनी कानाशी वाकून "जय भीम, बाळा" म्हटलं, आणि डोळे न उघडता पोरगी बोलली. अख्खा वॉर्ड हसला होता. अंजली तेव्हा खाटेच्या पायाशी उभी होती. तेव्हाही जळली होती.

म्हणून तिला पक्कं ठाऊक होतं काय होणार ते. ओघात तोंडून गेलं, असं ती पुढे स्वतःला कितीदा तरी सांगणार होती. पण तसं नव्हतं. तिने सनीच्या गाडीचा आवाज थांबू दिला. बायकांची बडबड जरा खाली येऊ दिली. मग चांगला मोठ्याने, खणखणीत, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली,

"जय भीम, श्रद्धा."

"जय भीम."

उत्तर आलं ते पापणी लवायच्या आत, आणि काय सुरेख आलं! मघाचा वरच्या पट्टीतला आवाज नव्हता तो. काळेवाडीचा होता, पोटातून आलेला, लहानपणीचा.

मग श्रद्धाला कळलं आपण काय बोललो ते.

नीलिमाचा हात श्रद्धाच्या दंडातच होता. तिने तो काढला नाही. काढला असता तर निदान भांडता आलं असतं. हात जिथल्या तिथे राहिला, फक्त त्यातला जीव गेला.

"अय्या," नीलिमा हसली, "तुमची ओळख आहे वाटतं आधीची?"

श्रद्धाने अंजलीकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. असता तर अंजलीने तो आनंदाने घेतला असता. आणि श्रद्धाचे खांदे हळूहळू, अंजलीला दिसेल असे, कानांकडे निघाले.

अंजली गाडीवर बसली. मोशीचा सिग्नल येईपर्यंत तिच्या पोटात साखर पडत होती. सिग्नलला सनी मागे न वळता म्हणाला, "हे काय केलंस गं?" आणि ती साखर तिथेच थांबली.


पूर्वीचे घर सोडण्याचे कारण

बबनरावांचा फोन बुधवारी आला. "ताई, ते सहाशेचारचं न्हाई जमत. मालकाचा भाचा यायलाय म्हणं तिथं ऱ्हायला."

"परदेशातून का?"

"आँ? न्हाई वो, नांदेडातनं."

 त्यानंतर पाचव्या दिवशी जेवताना सनी बोलला. "घर हातात होतं. ती तुझ्या बाजूने बोलली होती. दोन मिनिटं गप्प बसली असतीस, तर आईला लिफ्ट मिळाली असती. तूच घालवलंस."

"मी फक्त जय भीम म्हटलं."

"मला नको शिकवू. मी गाडी बंद केली होती. मी ऐकलं तू कसं म्हटलंस ते."

मे-अखेरीला ते चिखलीत गेले. तळमजल्याचं घर मिळालं, शेजारी प्रेसचा वर्कशॉप; दिवसभर पत्रा कापायचा दणका भिंतीतून यायचा आणि कपबश्या जागच्या जागी सरकायच्या. घरमालक गिरजाबाई म्हणून एक विधवा होत्या, त्यांनी आडनाव विचारलं नाही, फक्त पाणी जपून वापरा म्हणाल्या. कस्तुराला जिना नव्हता. तेवढं एक बरं झालं.

श्रद्धा मसाला न्यायला आली नाही. मेमध्ये नाही, जूनमध्ये नाही. अंजली रोज तिचं स्टेटस बघायची. आधी रोज दोन-तीन असायची, मग आठवड्याला एक, मग एका झाडाचा फोटो, मग काहीच नाही. भरलेले चार डबे पलंगाखाली होते, आणि झोपताना त्यांचा वास खालून यायचा. कस्तुरा म्हणायची, "पोरगी आजारी तर नसेल? फोन कर ना." अंजली म्हणायची, "केला होता. उचलत नाही." केला नव्हता.

ती आली जुलैमध्ये, एका रविवारी, बसने. हातात मोठी कापडी पिशवी, जड. आत आली, पिशवी ओट्यावर ठेवली, तेव्हा काचेवर काच वाजली.

अकरा बरण्या होत्या. कुणी अर्धी वापरलेली, कुणी पाव. एकीला तर सीलही तसंच.

"दारात ठेवून गेले, काकू," श्रद्धा म्हणाली. "चपलांच्या रॅकवर. एकेक दिवशी एकेक. चिठ्ठी नाही, फोन नाही, काही नाही. समोरासमोर सगळे गोड बोलतात. नीलिमा म्हणाली, आमच्यात असलं काही नाही गं, पण तू आम्हाला फसवलंस याचं वाईट वाटतं. तिची सासू दोन दिवस जेवली नाही म्हणे." थांबून म्हणाली, "श्रावणातल्या पूजेच्या ग्रुपमधून पण काढलंय मला. चुकून झालं म्हणतात."

"आयुष काय म्हणतो?"

"तो म्हणतो, दुसरीकडे जाऊ. मी म्हटलं, दुसरीकडे जाऊन पुन्हा हेच करू?"

कस्तुराने तिला ओढून खाली बसवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केस मोकळे केले. पलीकडे प्रेसचा दणका चालला होता. अंजली ओट्याला टेकून उभी होती. सगळं घालवून आलेली बाई, आणि तरी हिला परत यायला मांडी आहे, अशी आडवी, मोकळी. अंजलीला आठवेना, शेवटचं कधी तिने त्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. तापातसुद्धा तिने उशी घेतली होती.

"पण त्यांना कळलं कसं?" कस्तुराने विचारलं. "इतकी वर्षं नाही कळलं ते?"

श्रद्धा डोळे मिटून होती. "कळलं असंच. कधीतरी कळतंच, काकू."

नाव घेतलं नाही तिने. अंजली थांबली, अजून थांबली. श्रद्धाने नाव घेतलं नाही. तेव्हा अंजलीच्या छातीतला तो जुना तवा पुन्हा लाल झाला. गणित हिचं, वेणी आधी हिची, बाटली हिची, मांडी हिची, आणि आता हा मोठेपणाही हिनेच घ्यायचा? एवढं एक तरी तिला मिळू द्यायचं नाही, या तिरिमिरीत ती बोलली. पश्चात्ताप नव्हता त्यात, निदान त्या क्षणी तरी नव्हता.

"मी सांगितलं, आई. मी. पार्किंगमध्ये, सगळ्या बायकांसमोर."

"काय सांगितलंस?"

"जय भीम म्हटलं हिला."

कस्तुराचा हात श्रद्धाच्या केसांत तसाच चालू राहिला. "मग त्यात काय सांगितलंस? जय भीम तर म्हणतोच की आपण."

"तसं नव्हतं म्हटलं मी."

"मग कसं म्हटलं होतंस?"

प्रेस थांबली होती. जेवायची सुट्टी झाली असावी. अंजलीने तोंड उघडलं, पण कसं म्हटलं होतं ते सांगायला मराठीत तरी शब्द नव्हता. करून दाखवावं लागलं असतं, आणि ते तिच्याने आता होण्यासारखं नव्हतं.

"नेहमीसारखंच म्हणाली, काकू," श्रद्धा मांडीवरूनच म्हणाली.

"अंजे," कस्तुरा म्हणाली, "तेलाची वाटी दे इकडे. किती रूक्ष झालेत पोरीचे केस."

अंजलीने वाटी दिली.


कार्यालयीन वापरासाठी

सी-सहाशेचार हा फ्लॅट क्लब हाउसमधल्या त्या मेच्या रविवारच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी, कमिटीने दुसऱ्या एका कुटुंबाला मंजूर केलेला होता.